पाकीट, नारळ आणि बुडालेली मजुरी

मैत्रिणींनो, काही वर्षांपूर्वी जळगावात एक परिषद झाली. विषय होता ‘ग्रामीण स्त्रीचे श्रम’. आयोजकांचे नाव देत नाही, कारण त्यांनी केले ते जगावेगळे नव्हते. माझ्याकडे एका सत्राचे सूत्रसंचालन होते. वक्ते तीन : पुण्याहून आलेले प्राध्यापक, धुळ्याच्या एक वकीलबाई आणि पारोळ्याकडची एक शेतमजूर मावशी. सत्र संपल्यावर प्राध्यापकांना मानधनाचे पाकीट आणि गाडीचे भाडे मिळाले. वकीलबाईंना शाल आणि एसटीचे भाडे. मावशीला आणि मला नारळ आणि गुलाबाचे फूल.

स्टँडकडे चालताना मावशी सहज म्हणाली, “ताई, मनी दोन दिननी मजुरी बुडनी.” दिवस कापूस वेचणीचे होते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. शेतात गेले नाही तर त्या दिवसाचे काहीच नाही. म्हणजे श्रमांवरच्या परिषदेत जी बाई सगळ्यांत नेमके बोलली, तिनेच परिषदेला सगळ्यांत मोठी देणगी दिली होती. तिची पावती मात्र कोणी फाडली नाही.

मला राग आला. पण पुढे धुळ्यात आमच्याच गटाचा मेळावा झाला तेव्हा हिशेबाला मीही बसले होते. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांची सोय आधी लागली. तालुक्यातून येणाऱ्या बायकांचा विषय निघाल्यावर कोणीतरी म्हणाले, “त्या आपल्याच आहेत. आणि एसटी तर बायकांना आता अर्धीच आहे.” २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट आहे, हे खरे. पण सरकारने बाईला दिलेली सवलत आपण आपल्या खर्चातून वजा करून घेतली! मीही तेव्हा गप्प बसले. म्हणून हा लेख दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठी नाही.

प्रश्न दोन आहेत. व्यासपीठावर कोण बसणार हे कोण ठरवते? आणि बसणाऱ्याला काय मिळते?

साहित्य संमेलनाचे उदाहरण घ्या. खानदेशात जळगाव (१९३६), धुळे (१९४४), अमळनेर (१९५२), पुन्हा जळगाव (१९८४) आणि पुन्हा अमळनेर (२०२४) अशी संमेलने भरली. पाचही ठिकाणी अध्यक्ष पुरुष. १८७८ साली सुरू झालेल्या या परंपरेत पहिली स्त्री अध्यक्ष झाली ती १९६१ साली ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. मग दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ साली दिल्लीला तारा भवाळकर. ९८ संमेलनांत सहा जणी. ज्या १९५२ साली अमळनेरला संमेलन भरले, त्याच साली बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली, आणि ती पाहायला बहिणाबाई उरल्या नव्हत्या. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण आजची एखादी बहिणाबाई असोद्याच्या शेतातून येऊन व्यासपीठावर बसेल, अशी वाट आपण ठेवली आहे का?

अध्यक्ष कसा निवडावा यावर निदान चर्चा तरी होते. पूर्वी मतदान होत असे, २०१८ पासून महामंडळ नावे मागवून निवड करते. दोन्ही पद्धतींवर वर्तमानपत्रांत वाद झाले. २०१९ साली यवतमाळला नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे निमंत्रण देऊन ते मागे घेतले गेले, तेव्हा अनेक निमंत्रितांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. शेवटी उद्घाटन केले वैशाली येडे यांनी, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या बाईने. म्हणजे आयोजकांवर दडपण आले की अशी बाईही उद्घाटक म्हणून सापडते. एरवी तिचे नाव यादीत का नसते?

कारण परिसंवादांची यादी चारचौघांच्या ओळखीतून होते. हे मोठ्या संमेलनांचे, तसेच आपल्या परिषदांचेही. ‘त्या चांगल्या बोलतात’ म्हणजे आपण त्यांना आधी कुठेतरी ऐकलेले असते. ज्यांना कोणी ऐकले नाही त्यांना कोणी बोलावत नाही. मग बायकांच्या वाट्याला काय येते? स्वागतगीत, रांगोळी, आभार आणि सूत्रसंचालन. सूत्रसंचालन हे तर घरकामासारखेच समजले जाते. वक्त्यांना फोन करायचे, त्यांचे लेखन आधी वाचायचे, वेळ सांभाळायची, लांबलेल्याला गोड बोलून थांबवायचे, आणि हे सारे करूनही ‘ती काय, नुसती निवेदिका’.

आपली चळवळ घरातल्या बिनपगारी कामाबद्दल बोलत आली आहे. समान कामाला समान मोल मिळावे म्हणून १९७६ साली कायदा झाला, त्याच्या अंमलबजावणीसाठी बायकांनी ठिकठिकाणी झगडा केला. मग आपल्याच मंडपात एकाच सत्राला तीन दर कसे?

काही जणी म्हणतील, पैसे आले की चळवळीची नोकरी होते. ही भीती खोटी नाही. विद्रोही साहित्य संमेलन १९९९ साली धारावीत सुरू झाले ते मूठभर धान्य आणि एक रुपया मागत. शासनाच्या अनुदानावर उभ्या राहणाऱ्या मंडपाला ते उत्तर होते. त्या वाटेचा मला आदर आहे. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. सत्तरच्या दशकात तिथल्या श्रमिक संघटनेच्या शिबिरात आदिवासी बायका दारू आणि मारहाणीबद्दल बोलल्या आणि उठून दारूचे मडके फोडायला निघाल्या. तिथे कोणाला मानधन नव्हते. पण फरक लक्षात घ्या. तिथे बोलणारी आणि ऐकणारी एकाच पंगतीला होती. सगळ्याच फुकट आल्या होत्या. त्याग सगळ्यांचा असेल तर त्याला त्याग म्हणावे. एकीने त्याग करायचा आणि दुसऱ्याने पाकीट घ्यायचे, याला आपण घरात काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पैसे कमी असतील तर कमी द्या, पण सगळ्यांना एकाच मापाने द्या. हातावर पोट असलेल्या बाईची बुडालेली मजुरी हे मानधन नव्हे, तो तिचा खर्च आहे. तो प्रवासखर्चासारखाच आधी धरला पाहिजे. प्रवासाचे पैसे निघण्यापूर्वी द्यावेत. ज्या बाईला तिकिटासाठी उसने काढावे लागतात, तिला ‘नंतर बिल द्या’ म्हणणे बरोबर नाही. सूत्रसंचालिकेला वक्त्याइतकेच धरावे. लहान मूल घेऊन येणारीसाठी मंडपात कोणीतरी नेमलेले असावे. आणि कोणाला काय मिळणार हे निमंत्रणपत्रातच छापावे. नोकरी असलेल्यांनी आपला वाटा परत द्यायचा तर खुशाल द्यावा, पण तो त्यांनी द्यावा, आपण गृहीत धरू नये.

निवडीचेही तसेच. यादी करणाऱ्या समितीत निम्म्या जणी तालुक्यातल्या असाव्यात. चोपडा, यावल, साक्री, शिरपूरच्या गटांना आधी पत्र जावे : तुमच्यातली कोण बोलेल, कोणत्या भाषेत बोलेल? अहिराणीत किंवा पावरीत बोलायचे असेल तर तसे बोलू द्यावे आणि मराठीत सांगणारी सोबत बसवावी. दर वर्षी निम्मी नावे पहिल्यांदाच बोलणाऱ्यांची असावीत.

हे सारे केले तर मंडप लहान होईल, फ्लेक्स कमी लागतील, एखादा मोठा पाहुणा येणार नाही. चालेल. पारोळ्याच्या मावशीला मी पुन्हा बोलावले तेव्हा तिने विचारले, “आता वेचणी आहे का नाही ते पाहून तारीख धरली का?” आम्ही धरली नव्हती. तारीख बदलली.

तुमच्या गटात हा हिशेब कसा होतो? कळवा. पुढच्या परिषदेचे अंदाजपत्रक करायला बसण्याआधी आपण एकमेकींची उत्तरे वाचू या.