नमुन्यांचा राखणदार कोण?

नदीच्या उत्तर तीरावर असूनही तेरेखोल गाव गोव्याचे आहे. नकाशावरची सीमा येथे माणसांनीच ओलांडली; माकडतापाच्या गोचिडीने तर ती कधी मानलीच नाही. 2015 साली सत्तरीतील पाली गावात काजूच्या बागायतीत राबणारी माणसे या तापाने अंथरुणाला खिळली. 2016 मध्ये तो दोडामार्ग तालुक्यात दिसला आणि पुढच्याच वर्षी याच नदीच्या वरच्या अंगाला, बांदा परिसरात पोहोचला. रोग्यांच्या रक्ताचे नमुने बर्फात घालून पुणे, मणिपाळ येथे गेले. निदान झाले. अहवाल आला की नमुन्याचे काम संपले, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती घातक आहे.

हा विषाणू 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात सापडला. तेव्हापासून 2006 पर्यंत मिळालेले 48 विषाणू पुण्याच्या संशोधकांना एकमेकांशी ताडून पाहता आले आणि 2009 मध्ये त्यांचा वंशवृक्ष मांडता आला, तो केवळ कोणी तरी ते पन्नास वर्षे निगुतीने सांभाळले म्हणून. आमचा शेतकरी घरात चूल पेटली नाही तरी बियाण्याच्या मुडीला हात लावत नाही. विज्ञानाचीही मुडी असते, ती हीच.

परंतु ही मुडी माळ्यावर टिकत नाही. दीर्घकाळ साठवणुकीसाठी उणे 80 अंशांची थंडी अखंड लागते. नमुना वारंवार वितळला व गोठला की निरुपयोगी होतो. पहिल्या पावसाबरोबर वीज जाणाऱ्या आमच्या मुलखात याचा अर्थ काय, हे सांगणे न लगे. आणि थंडीइतकीच वहीही महत्त्वाची. 2014 साली अमेरिकेत बेथेस्डा येथील एका साठवणीच्या खोलीत देवीच्या विषाणूच्या जुन्या, विसरलेल्या कुप्या सापडल्या. श्रीमंत देशातही नोंद हरवली की ठेव धोका बनते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. माकडतापाचे मानवी रक्ताचे, मृत माकडांचे व गोचिडींचे जे नमुने आजवर घेतले गेले, ते कोठे व कोणत्या स्थितीत आहेत, याचा हिशेब गोवा व महाराष्ट्र या दोन्ही सरकारांनी जाहीर करावा. दोघांची नोंदवही एक असावी. थंडी पुरवणाऱ्या यंत्रांना जनित्राचा आधार असावा. महत्त्वाच्या नमुन्यांचा दुसरा भाग दुसऱ्या ठिकाणी ठेवावा. ज्या मजुराचे रक्त घेतले, त्याची संमती असावी आणि त्याचे नाव गुप्त राहावे.

हा खर्च मोठा नाही, पण त्याचे उद्‌घाटन करून हार घालून घेता येत नाहीत. बहुधा म्हणूनच तो मागे पडतो. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्या माणसाला लस आणि उपचार मिळवून द्यायचे असतील, तर संशोधकाच्या हाती आधी हे नमुने हवेत. आमच्या प्रत्येक गावाला राखणदार आहे. या थेंबांना मात्र अजून तो नेमायचा आहे, आणि ते काम देवाचे नव्हे, सरकारचे आहे.