भाडेकरूच्या सामानालाही विम्याचं कवच द्या

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

महोदय,

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या अवधनगर, दांडीपाडा, सरावलीतल्या चाळींत तारापूर एमआयडीसीचे कामगार भाड्याने राहतात. खोली मालकाची, पण हप्त्यावर घेतलेला फ्रिज, शिलाई मशीन, मुलीचा लॅपटॉप ही भाडेकरूची कमाई. तिचा विमा काढता येतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

तुमच्याच आदेशाने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आली. तीत इमारत सोडून नुसत्या सामानाचाही विमा निघतो. आग, स्फोट, पूर, भूकंप सगळं त्यात येतं. पण घराचा विमा विकला जातो तो बहुधा गृहकर्जाबरोबर, आणि भाडेकरू त्या टेबलापाशी कधी बसतच नाही. विम्याच्या एवढ्याशा हप्त्यासाठी एजंट चाळीची पायरी चढत नाही. भाडेकरार नोंदवण्याची जबाबदारी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे, तरी कित्येक खोल्या तोंडी बोलीवर दिल्या जातात. आधार कार्डावर पत्ता गावचा, जुन्या बाजारातून आणलेल्या कपाटाचं बिल नाही. क्लेम आपल्याला कोण देणार, असं या माणसाला वाटतं. त्याला निष्काळजी म्हणणं अन्याय आहे.

शिवाय रात्रपाळीला कुलूप लावून जाणाऱ्याला खरी धास्ती चोरीची. मूळ पॉलिसीत चोरी धरली जाते ती आग-पुरासारख्या घटनेनंतरच्या 7 दिवसांतलीच.

इथे धोका रोजचा आहे. 11 जानेवारी 2020 रोजी बोईसरजवळच्या कोळवड्यातल्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन 8 जण गेले. जिल्ह्यातल्याच डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. घातक रसायनांच्या कारखान्यांसाठी 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. पण त्याच्या मूळ परिशिष्टात खासगी मालमत्तेच्या नुकसानीला कमाल मदत होती 6,000 रुपये. एवढ्यात साधा फ्रिजही येत नाही.

2047 पर्यंत सर्वांना विमा, हे तुमचं उद्दिष्ट. ‘विमा विस्तार’ योजनेत मालमत्तेचा विमाही आखला आहे. भाड्याच्या खोलीतलं सामान त्यात येतं, असं स्पष्ट लिहा. चोरी त्यात घाला. बिल नसेल तिथे फोटो आणि खरेदीच्या हप्त्याची नोंद पुरावा म्हणून चालू द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये बँक खात्यातून आपोआप कापले जातात, तशीच सोय या विम्याच्या हप्त्यालाही करा. फॉर्म मराठीत आणि हिंदीत छापा. आणि पहिलं शिबिर बोईसरला, कामगारांच्या सुट्टीच्या दिवशी, चाळीतच घ्या.

आपला,
बोईसरचा एक रहिवासी