मी कोणत्याच पक्षाचा नाही, तरी यंदा पाठिंबा देतोय



मोह वेचायचे दिवस आणि इलेक्शन यंदा बरोबरच आलंय. पाच वर्षं ज्यांना आपल्या पाड्याचा रस्ता सापडला नाही, त्यांच्या जीपांना तो आता रात्रीसुद्धा सापडतो.

मी कोणत्याच पक्षाचा नाही. बारावी करून संघटनेत आलो तेव्हापासून एकच बोलत होतो, सगळे सारखेच, आपण मोर्चा काढायचा, मत कुणाला का जाईना. मागच्या बैठकीत मी सांगितलं की यंदा एका उमेदवाराला उघड पाठिंबा देणार. एक डाया रागावून म्हणाले, "पोरा, तू पण विकला गेलास का?" त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना हे उत्तर.

२००२ च्या पावसाळ्यात फॉरेस्टवाल्यांनी आमच्या नेवाडातली उभी ज्वारी उपटली. बापाने १९७४ सालची दंडाची पावती दाखवली. साहेब म्हणाला, पावती खरी आहे, पण आदेश वरून आहे. वरून म्हणजे कुठून? ग्रामपंचायतीतून नाही, तालुक्यातून नाही. ३ मे २००२ ला दिल्लीच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवलं, की ३० सप्टेंबरच्या आत जंगलजमिनीवरची अतिक्रमणं हटवा. त्याच दिल्लीने १९९० साली लिहिलं होतं, की १९८० च्या आधीपासून कसणाऱ्यांची जमीन तपासून नियमित करा. ते पत्र बारा वर्षं कपाटात पडलं. हटवायचं पत्र मात्र पाच महिन्यांच्या आत शेतात पोचलं.

यंदा, २००४ चं इलेक्शन तोंडावर आलं तशी ५ फेब्रुवारीला नवी पत्रं निघाली. १९९३ अखेरपर्यंत कसणाऱ्या आदिवासींना हक्क देऊ म्हणाले. १८ दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. म्हणजे काय झालं? साहेबाच्या पत्राने मिळालेली जमीन कोर्टात टिकत नाही. टिकायची तर कायदा पाहिजे, आणि तो कायदा लोकसभेतूनच जावा लागतो. म्हणून हे मत कुणाला का जाईना, असं आता मला म्हणता येत नाही.

"आपला माणूस बघून मत द्या" असं काही जण सांगतात. महाराष्ट्रात ४८ पैकी ४ जागा आदिवासींसाठी राखीव आहेत, त्यातलीच आपली एक. इथे उभा असलेला प्रत्येक जण आदिवासीच आहे. मग आडनाव बघून आपला कसा ओळखायचा? विचारूनच ओळखावा लागेल.

आम्ही तीन प्रश्न कागदावर लिहिले.

१) जंगलजमिनीच्या हक्काचा कायदा लोकसभेत मागाल का?
२) पावती नसेल तिथे म्हाताऱ्या माणसांचा जबाब आणि ग्रामसभेचा ठराव हा पुरावा धरावा, असं तिथे बोलाल का?
३) दाव्याचा निर्णय होईपर्यंत कुणालाही नेवाडातून हटवू नये म्हणून आमच्याबरोबर उभे राहाल का?

एकाने "बघू" म्हटलं. दुसऱ्याच्या माणसाने कागद खिशात घातला आणि पाड्याला किती कोंबड्या लागतील ते विचारलं. तिसरा दुसऱ्या प्रश्नावर आमच्याशी तासभर भांडला, मग तिन्ही प्रश्नांखाली सही केली. तो काही देव नाही. आपल्या एकाही मोर्च्यात तो चाललेला नाही. पण त्याची सही आपल्या हातात आहे, म्हणून माझा पाठिंबा त्याला.

त्याचं नाव इथे छापत नाही. पत्रक संघटनेचं आहे, माझ्या एकट्याचं नाही. संघटनेने काय करायचं ते बैठक ठरवेल. पाड्यात मला विचारा, नाव सांगतो, कागद दाखवतो.

काही जण म्हणतात, अशाने संघटना पक्षाचं शेपूट होईल. ही भीती खरी आहे. म्हणून मी त्यांचा झेंडा धरणार नाही, त्यांच्या जीपमध्ये बसणार नाही, त्यांचा चहासुद्धा पिणार नाही. तो निवडून आला आणि विसरला, तर पहिला मोर्चा त्याच्याच दारात, आणि कागद घेऊन पुढे मी. तो हरला तर मत वाया गेलं का? नाही. हाच कागद जिंकलेल्याच्या दारात नेऊ. कोंबडी खाऊन दिलेलं मत वाया जातं, कारण त्यानंतर विचारायला तोंड राहत नाही.

शेवटचं. यंदा सगळ्या देशात मशीनवर मतदान आहे. "बटण कुठलं दाबलं ते आम्हाला कळतं" असं कुणी घाबरवलं तर ऐकू नका. मत गुप्त असतं.

बायांनो, पहाटे मोह वेचा आणि मग बूथवर चला. शेतात डुकरं शिरू नयेत म्हणून आपण रात्र रात्र जागतो. हा एक दिवससुद्धा त्याच शेतासाठी आहे.

जिंदाबाद!