वाघाचे पंख आणि चकल्यांचा डबा

अमेरिकेतल्या धाकट्या भावासाठी फराळाचा डबा बांधता बांधता मी सहज म्हणालो, "कोणत्या विमानातून जाईल हा?" त्यावर आमची सौभाग्यवती म्हणाली, "विमानाशी तुम्हांला काय करायचंय? चकल्या भाऊजींच्या दारात पोचल्या म्हणजे झालं!"

एवढ्या एका वाक्यात हिने एका बलाढ्य विमान कंपनीची सारी कहाणी सांगून टाकली, हे तिच्या गावीही नव्हते!

'फ्लाइंग टायगर लाइन' हे त्या कंपनीचे नाव. दुसऱ्या महायुद्धात शेनॉल्ट यांच्या हाताखाली चीनच्या बाजूने लढलेल्या अमेरिकन वैमानिकांना लोक 'उडते वाघ' म्हणत. त्यांतल्याच रॉबर्ट प्रेस्कॉटने १९४५ साली सोबत्यांना जमवून आरमाराने विकायला काढलेली १४ विमाने घेतली आणि मालवाहतूक मांडली. १९४९ मध्ये या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत अमेरिकाभर नियमित माल नेण्याचा परवाना मिळाला. कोरियाच्या युद्धात भाड्याने सैनिक नेले. १९६२ मध्ये सैनिकांना घेऊन निघालेले एक विमान १०७ माणसांसह पॅसिफिकवर नाहीसे झाले. ते आजवर सापडलेले नाही. तरीही वाघ थांबला नाही. १९८० मध्ये त्याने 'सीबोर्ड' ही प्रतिस्पर्धी कंपनीच गिळली.

पण दिवस पालटले होते. १९७७ मध्ये सरकारने मालवाहतुकीवरील बंधने उठवली. दरांची चढाओढ सुरू झाली. प्रचंड विमाने भरायची कशी? तोटा वाढला. तिकडे १९७३ पासून 'फेडरल एक्स्प्रेस' रातोरात लहानसहान पुडकी लोकांच्या दारात नेऊन देत होती. वाघ विमानतळापर्यंत धावे, ही उंबरठ्यापर्यंत! अखेर १९८९ मध्ये वाघ तिच्यात विलीन झाला. गंमत अशी, की पुडकीवालीलाही वाघाने कमावलेले आशियातले हवाई मार्गच हवे होते.

वाचकहो, तेव्हापासून मी जरा अस्वस्थ आहे. वीस वर्षे मी वर्गात जडजवाहीर शब्दांची विमाने उडवतो आहे. शेवटच्या बाकाच्या उंबरठ्यापर्यंत त्यांतले काय पोचले असेल?

"पत्ता नीट लिहिलात ना?" हिने विचारले.

मी चश्मा पुसला आणि पत्ता पुन्हा एकदा वाचून पाहिला.