'कास्ट'चे कूळ आणि जातीचे मूळ

'कास्ट' हा इंग्रजी शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला, म्हणून जातिव्यवस्था हीच वसाहतवादाची निर्मिती होय, असा युक्तिवाद वसाहतोत्तर सिद्धांताच्या आधारे आपल्याकडे केला जातो. त्यातील पूर्वार्ध खरा आहे; 'म्हणून' मात्र खोटे आहे. ब्रिटिश राजवटीने जातीला आजचे रूप दिले, हे निकोलस डर्क्स यांचे २००१ मधील प्रतिपादन विचारार्ह आहे. परंतु रूप देणे म्हणजे जन्म देणे नव्हे.

'कास्ता' म्हणजे वंश, वाण. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात तो इथल्या जन्माधिष्ठित व्यवसायगटांसाठी येतो. नाव देणाऱ्याने वस्तू आधी पाहिली होती. त्यापूर्वी सव्वादोनशे वर्षे चोखामेळ्याच्या अभंगांतून जे दुःख प्रकट झाले, त्याला लिस्बनच्या शब्दाची गरज पडली नव्हती.

दुसरा पक्ष हा शब्द लॅटिन 'कास्तुस', म्हणजे शुद्ध, येथपर्यंत नेतो आणि शुद्धता हेच जातीचे सार ठरवतो. ही व्युत्पत्तीच वादग्रस्त आहे. कोरोमिनास यांनी गॉथिक मूळ सुचवले आहे. ती निर्विवाद असती तरी काय सिद्ध होते? १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात आंबेडकरांनी शुद्धाशुद्धतेचे लक्षण गौण ठरवून जातीअंतर्गत विवाहावर बोट ठेवले, ते व्यवहार तपासून. शब्दकोश उघडून नव्हे.

या वादाचा निकाल वसईत लागतो. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अंमलात येथे अनेकांचा धर्म बदलला. सामवेदी, वाडवळ, कोळी ही विभागणी मात्र ख्रिस्ती समाजातही टिकली. सामवेदी ख्रिस्ती स्वतःस 'कुपारी' म्हणवतात. हे नाव पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आल्याचे मानले जाते. कोंपाद्रे हे बाप्तिस्म्याच्या निमित्ताने मुलाचा पिता आणि धर्मपिता यांच्यात जुळणारे नाते. रक्ताचे नव्हे, मानलेले. तोच शब्द येथे जन्माने लाभणाऱ्या समाजाचे नाव झाला. व्युत्पत्ती प्रमाण मानायची, तर कुपारी हा जन्मगट नाहीच, असे म्हणावे लागेल! समाजाने शब्दाला आपल्या व्यवहारात ओढून घेतले. शब्दाने समाज घडवला नाही.

शब्दाचे कूळ विचारून त्याचा अर्थ ठरवणे, ही रीत मुळात जातीच्याच तर्काची आहे: जन्म कळला की गुण कळला. जातीची चिकित्सा करू पाहणाऱ्या समीक्षेने तरी ती टाकली पाहिजे. अन्यथा आपल्या घरातील पापाचे खापर परक्या शब्दावर फोडण्याची सोय तेवढी उरेल.