चाकामागचे चाक

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. शंकर-पार्वती त्या दिवशी सोंगट्या खेळली, म्हणून आपणही दोन डाव टाकावेत, अशी समजूत. तेव्हा फराळाची ताटे बाजूला सारून घरोघर पत्ते पिसले जात असतील, तर माझी मुळीच तक्रार नाही. काकांनी पाच रुपये जिंकले तरी ते घरातच राहतात; आणि त्यांनी पान लपवलेच, तर हात धरायला काकू समोर बसलेल्या असतात. माझे भांडण आहे ते समोर कोणीच बसलेले नसते, अशा जुगाराशी.

घाटकोपर-मुलुंडची मंडळी स्टेशनावरचे वजनाचे यंत्र विसरली नसतील. नाणे टाकले की दिवे लुकलुकत, तबकडी फिरे आणि खट्‌कन पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. त्यावर वजन असे आणि भविष्यही असे. भविष्य खोटे निघे. पण नाण्याच्या मोबदल्यात वजन तरी कळे. याच जातीचे दुसरे एक यंत्र निपजले, ते नाणे घेऊन केवळ आशा विकते. तेच स्लॉट मशीन.

सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चार्ल्स फे नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लिबर्टी बेल' हे यंत्र केले. तीन चाके, त्यांवर नाल, घंटा आणि पत्त्यांची चिन्हे. दांडा ओढायचा आणि तीन घंटा एका ओळीत येण्याची वाट पाहायची. पुढे कायद्याने डोळे वटारले, तेव्हा धंदेवाल्यांनी यंत्रातून च्युइंगगम द्यायला सुरुवात केली आणि चाकांवर फळे रंगवली. हे दुकान आहे, जुगार नव्हे, असे म्हणायला मोकळे! तीच चेरी आजही चाकांवर फिरते आहे. १९६०च्या दशकात यंत्रात वीज खेळू लागली, आणि मग संगणक आला.

खरी मेख १९८४ साली मारली गेली. इंगे टेल्नेस यांना त्या साली अमेरिकेत एक पेटंट मिळाले. चाक कुठे थांबायचे हे यापुढे चाक ठरवणार नव्हते. यंत्राच्या पोटातला आकडा ते ठरवणार होता. माझे गणित मॅट्रिकपुरते, पण येथे तेवढे पुरते. समजा, डोळ्यांना दिसणाऱ्या चाकावर बावीस जागा आहेत आणि घंटा एकच. तीन चाकांचे बावीस गुणिले बावीस गुणिले बावीस, म्हणजे १०,६४८ प्रकार झाले. परंतु पोटातल्या यादीत बावीसऐवजी चौसष्ट आकडे असले आणि घंटेच्या वाट्याला त्यातला एकच आला, तर तीन घंटा २,६२,१४४ खेपांत सरासरी एकदाच. शिवाय घंटेच्या शेजारच्या रिकाम्या जागांना जास्त आकडे वाटून देता येतात. मग घंटा पुनःपुन्हा एका घराने हुकते, आणि खेळणाऱ्याला वाटते, आता आलीच!

आपल्या मुंबईने मटका पाहिला आहे. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी तो चालवला, आणि गिरणी कामगारांचे किती पगार त्या मडक्यात गेले! शून्य ते नऊ असे आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला नऊ. लूटच ती, पण निदान दहा आणि नऊ यांतला फरक पोराटोरालाही दिसत होता.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी धाकट्या बहिणीच्या फीचे पैसे मोबाइलमधल्या चाकावर घालवले. आई रडत माझ्याकडे आली. मी त्याला बोलावले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, दोनदा तर अगदी एका घराने हुकलं हो." त्याला पाढे मीच शिकवले होते. हुकणेसुद्धा कोणी आधी बेतून ठेवलेले असू शकते, हे मात्र शिकवायचे राहिले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे उत्तमच झाले. पण शेजारच्या गोव्याने १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे मांडायला मुभा दिली; १९९६ मध्ये जहाजांवर टेबलांचा जुगारही मान्य झाला. यावर सांगतात, की सरकारला महसूल मिळतो आणि खेळणारा सज्ञान असतो. महसुलाचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच, शब्दकोड्यांच्या बक्षिसांच्या खटल्यात, जुगाराला व्यापाराचा मूलभूत हक्क नाकारला आहे. आणि सज्ञान? ज्याला चाक एक दाखवायचे आणि फिरवायचे दुसरेच, त्याच्या संमतीला काय अर्थ? शकुनीचे फासे फसवे होते, पण सभेत तो शकुनी निदान धर्मराजाच्या समोर तरी बसला होता!

म्हणून पालकहो, या पाडव्याला मुलांबरोबर पत्ते खुशाल खेळा. डाव संपला की एक कागद-पेन्सिल घ्या आणि बावीसचा गुणाकार त्यांच्याकडूनच करून घ्या, मग चौसष्टचा. उत्तर त्यांचे त्यांनाच येऊ द्या.