माप अंगाचे, हमी कोणाची?

मोटारसायकलस्वारांना संरक्षक जाकीट आता अंगाच्या मापाने शिवून मिळू लागले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. तथापि ज्या वस्तूचा कस केवळ अपघाताच्या क्षणी लागतो, तिची पारख ग्राहकाने दुकानात करावी कशी? बाजारपेठेचा हा जुनाच पेच आहे. हेल्मेटपुरता तो शासनाने सोडविला : १ जून २०२१ पासून मानकचिन्हावाचून हेल्मेट विकणे बेकायदा ठरले. जाकीट शिवून घेताना मात्र हमी आपणच मागून घ्यावी लागते. युरोपात कोपर-खांद्यांच्या संरक्षक गाद्यांसाठी ‘ईएन १६२१’ आणि संपूर्ण पोशाखासाठी ‘ईएन १७०९२’ ही मानके आहेत; कारागिराला त्यांविषयी निःसंकोच विचारावे. शिवाय माप उभ्याने देऊ नये. हँडलवर हात ठेवून बसलेल्या स्थितीत ते घ्यावे. अन्यथा कोपराची गादी ऐन वेळी जागेवर राहत नाही. सैल जाकिटातील उत्तम गादी आणि बेतशीर जाकिटातील निकृष्ट गादी, दोन्ही सारख्याच कुचकामी. मुलाला वाहन घेऊन देणाऱ्या पालकांनी काटकसर अवश्य करावी. पण ती रंगात आणि नक्षीत, गादीत आणि शिवणीत नव्हे.